बोटांवरची कात

सकाळी दाढी करताना पलीकडच्या खोलीत धप्प असा आवाज झाला आणि त्याच्या हनुवटीला ब्लेड लागलं. ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज होता. फडक्यांच्या आवाजात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. सगळा जन्म ओल्या कापडांत गेला होता. पण घरात आत्ता ओलं फडकं पाडायला दुसरं माणूस नव्हतं. बायको तिच्या भावाच्या ऑपरेशनला म्हणून गेली होती ती अजून तिकडेच होती, आणि लेक तर वर्ष होत आलं, कुठल्याशा जंगलात पालींच्या मागे हिंडत होती. बेसिनच्या पांढऱ्या कडेवर रक्ताचा थेंब पडला तो त्याने धुतला. तेवढ्यात पुन्हा धप्प. आता शंकेला जागाच उरली नाही. ते जनावर पडत होतं. गालाला फेस तसाच ठेवून तो लेकीच्या खोलीपर्यंत गेला आणि दारातच थांबला, कारण त्या खोलीत पाऊल टाकायचं म्हणजे आधी श्वास आवरून घ्यावा लागायचा, आणि श्वास आवरायला त्याला जरा वेळ लागे.

खिडकीशी त्याच्या छातीएवढी उंच काचेची पेटी होती. आत झाडाची उभी साल, वेली, कोपऱ्यात पाण्याची वाटी. आणि तळाला ती उताणी पडली होती. आता पाल म्हटली की पडायचीच, असं कुणी म्हणेल. आपल्या घरातल्या पाली पडतातच की. पण ही घरातली पाल नव्हे. ही झाडावरची. वीतभर लांब, राखाडी-हिरवी, सालीवर बसली की सालच. हिची जात उंच झाडांच्या शेंड्याला जन्मते, तिथेच खाते, तिथेच मरते, जमिनीला पाय लावायची वेळ हिच्यावर येत नाही, असं लेकीने सांगितलं होतं. आणि आज ही सालीला पाय लावत होती, दोन पावलं वर जात होती आणि सुटून खाली येत होती. तिने अंग पलटलं तेव्हा तिचं पोट दिसलं. पोटाची कातडी इतकी पातळ की आतली दोन अंडी प्लास्टिकच्या पिशवीतल्या वाटाण्यांसारखी स्वच्छ दिसत होती. तिचे डोळे त्याच्याकडे होते. ह्यांना पापण्या नसतात. पापणी मिटायची सोय नाही म्हणून तिने तोंडातून गुलाबी, जाड, ओली जीभ काढली आणि स्वतःचा डोळा चाटला. आधी एक, मग दुसरा.

"शी!" तो मोठ्याने म्हणाला. रिकाम्या घरात ते 'शी' फारच मोठं झालं.

हॉटेलात त्याला सगळे डागसाहेब म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण ते त्याच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं होतं. हॉटेल मोठं होतं. वर काचा, कारंजी, गालिचे, आणि तळघरात लाँड्री. तिथे दुधी काचेचं एक लांबलचक टेबल होतं, खालून दिवे सोडलेलं. धुतलेली प्रत्येक चादर त्या टेबलावरून सरकायची आणि तो उभा राहून बघायचा. बघायचा आणि म्हणायचा, पास. किंवा नुसती मान हलवायचा, की चादर परत. चादर त्या उजेडावर पसरली की वरच्या मजल्यावरचं माणूस त्याच्यापुढे उघडं पडायचं. कुणी केसांना रंग लावतो, कुणाला रात्री घाम फुटतो, कुणी बिछान्यात बसून खातं, कुणाच्या टाचा फुटल्यात, कोण कुणाबरोबर झोपलं आणि कोण एकटंच रडलं. मग संध्याकाळी तो वर जायचा तर तीच माणसं लॉबीत कडक कपड्यांत उभी, सेंट मारून, हसून हात पुढे करणारी. तो आपला हात मागेच ठेवायचा. मॅनेजर कागद उलटताना बोट जिभेला लावायचा आणि तेच बोट मग ह्याच्या खांद्यावर ठेवायचा. माणूस म्हणजे एक गळकी पिशवी आहे, वरून इस्त्री केलेली, असं त्याचं ठाम मत झालं होतं. हे मत तो कुणाला सांगत नसे. डबा मात्र एकट्याने खायचा, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे दुसऱ्याची हलणारी तोंडं दिसायला नकोत. बायको चेष्टेने म्हणायची, "तुम्हाला देवाने चुकून माणूस केलं हो. खरं म्हणजे तुम्ही साबणाची वडी व्हायचे." तोही हसायचा. पण बायकोने आमटीची चव बघून तोच चमचा पुन्हा पातेल्यात घातला की त्या दिवशी त्याला आमटी नको असायची, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

त्याने तोंड धुतलं, चष्मा लावला आणि पुन्हा दारात आला. चष्म्याने जे दिसलं ते आधीपेक्षा वाईट होतं. तिच्या अंगाची कात सुटली होती. बहुतेक सगळी निघाली असावी. आणि निघालेल्या कातीचं ह्या पाली काय करतात, तर खातात. स्वतःची कातडी स्वतः ओढून, तोंडात कोंबून, गिळून टाकतात. फुकट काही जाऊ द्यायचं नाही. हे बायकोने एकदा जेवताना कौतुकाने सांगितलं होतं आणि तो पानावरून उठला होता. पण आज कात पुरती निघाली नव्हती. बगलेत पांढरी चिंधी लोंबत होती आणि चारही पंजांवर तर जुन्या कातीचे मोजेच बसले होते, सुकून कडक झालेले. पाय टेकवायला जावं तर बोटं सालीला लागतच नव्हती. पांढरट, कागदासारख्या, टोकाला उचकटलेल्या त्या चिंध्या. हे आपण आधी पाहिलंय, असं त्याला वाटलं. आणि कुठे पाहिलंय ते त्याला लगेच आठवलं, म्हणून तो दारातून मागे फिरला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला.

लेक पाच वर्षांची असताना तिच्या कोपरांवर लाल चकत्या उठल्या होत्या. मग गुडघ्यांवर, मग पाठीवर, मग कानामागे. चकतीवर चंदेरी खवले धरायचे आणि दिवसभर कोंड्यासारखे गळायचे. डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला सोरायसिस म्हणतात, हा संसर्गाने होत नाही, जात मात्र नाही, कमीजास्त होत राहील, मलम लावत राहा. बायकोने मलम लावायला घेतलं. रोज संध्याकाळी पोर पालथी पडायची आणि आई तिच्या पाठीवर हात फिरवत गाणी म्हणायची. तो तेव्हा बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकायचा. संसर्ग होत नाही हे त्याला पक्कं कळलं होतं. कळण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न घशाचा होता. पोर धावत येऊन मांडीवर बसायची आणि उठून गेली की त्याच्या पँटवर ते खवले राहायचे. मग तो बाल्कनीत जाऊन पँट झटकायचा. मग त्याने, आपल्या परीने, एक युक्ती काढली. खवले गडद कपड्यावर दिसतात, पांढऱ्यावर दिसत नाहीत. हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याने घर पांढरं केलं. पडदे पांढरे, चादरी पांढऱ्या, सोफ्याला पांढरी खोळ, पोरीचे फ्रॉक पांढरे. केवढी सोय केली आपण लेकीची, असं त्याला मनापासून वाटत होतं. पांढऱ्यावर खवले दिसेनासे झाले खरे. पण ती झोपेत खाजवायची, आणि रक्ताचे ठिपके तेवढे दिसायला लागले.

तेव्हा त्याने पोरीला बाथरूममध्ये उभं करून शिकवलं. रक्त गरम पाण्यात घालायचं नाही, पक्कं बसतं. थंड पाणी, जरासं मीठ, चोळायचं नाही, दाबायचं. बापाने लेकीला स्वतः शिकवलेली ही एवढीच गोष्ट. पोर हुशार, एका दिवसात शिकली. सकाळी उठली की आपली चादर आपण धुवायची. आणि तो ती ओली चादर दोन्ही हातांनी खिडकीसमोर उजेडात धरायचा, वरपासून खालपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "पास!" पोर खाली उभी असायची, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्याला वाटायचं, आपण तिची पाठ थोपटतोय. कामावर तो ज्यांच्या चादरीला पास म्हणायचा त्यांचे चेहरे खुलायचे. हिचा खुलत नसे. एकदा बायको हे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून चादर तीच धुवायला लागली आणि बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. का, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना.

ती पोर पुढे शिकायला म्हणून बाहेर पडली आणि तिने काय शिकावं? पाली. जगात विषय का थोडे होते? "अंगाला खवले असलेलं सगळं तिला जवळचं वाटतं," बायको एकदा म्हणाली होती, अगदी सहज, भाजी निवडताना. त्याच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. लेकीचा फोन यायचा तो आईला. शेवटी 'बाबा कसे आहेत' आणि इकडून 'बरे आहेत'. तो समोर बसलेला असायचा आणि ते दोन शब्द आपल्या डोक्यावरून जाताना ऐकायचा. ही पाल तिच्या प्रयोगशाळेतच अंड्यातून निघालेली, जंगलात सोडली तर जगणार नाही, म्हणून जंगलात जाताना तिने आईकडे सोपवली. बायकोने तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. तिच्याशी गप्पा मारायची, चिमट्याने झुरळं भरवायची. बाईसाहेब इथे आल्या तेव्हा एकट्याच होत्या आणि तरी पोटात अंडी धरायला लागल्या तेव्हा त्याने भुवया उंचावल्या. लेकीने आईला फोनवर समजावलं की एकदा नराचा संग झाला की ही मादी ते बीज महिनोन्‌महिने आत सांभाळून ठेवते आणि सवडीने वापरते. बायको खोखो हसली होती. "बघा, किती सोय आहे! नवरा घरात ठेवायची गरजच नाही." त्याला मात्र ते ऐकून नुसतं शिसारल्यासारखं झालं. आत, अंधारात, इतके दिवस साठवून ठेवलेलं काहीतरी ओलं. छे!

आत पुन्हा धप्प झालं.

त्याने आधी हॉटेलात फोन केला. "आज उशीर होईल. घरात आजारपण आहे." पलीकडून हाताखालच्याने काळजीने विचारलं, "वहिनींना काय झालं साहेब?" "वहिनी नव्हे," तो म्हणाला, आणि पुढे काय सांगावं ते न सुचून त्याने फोन ठेवला. मग जनावरांच्या डॉक्टरला लावला. डॉक्टर भला माणूस, पण म्हणाला, "साहेब, मी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर. पाल म्हणजे... पाल आजारी पडली तर लोक झाडू शोधतात हो, डॉक्टर नाही." मग बायकोला. ती दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये होती, कुजबुजत बोलत होती. भाऊ अजून अतिदक्षतेत, तिला हलता येत नव्हतं. "मला विचारून काय उपयोग? लेकीला फोन लावा."

"तूच विचारून सांग ना."

"मी मध्ये नाही पडणार. बाप आहात ना तिचे? लावा." आणि तिने फोन बंद केला.

लेकीचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने तो आजवर लावला नव्हता एवढंच. पंजांचे फोटो काढायला काचेजवळ जावं लागलं. फोटो गेला आणि त्याला खुर्चीत नीट टेकायलाही वेळ मिळाला नाही, तोच फोन थरथरला. पडद्यावर लेक. मागे पत्र्याची भिंत, भिंतीवर दमट हवेचे ओघळ. केस बारीक कापलेले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट, एवढ्या उकाड्यात.

"बाबा? आई कुठंय?"

"मामाकडे. अजून सोडता येत नाही म्हणते."

"मग बाईसाहेबांकडे कोण बघतंय?"

"मी."

पेटीत रोज पाणी फवारावं लागतं, आणि ते फवारलं गेलेलं नाही हे तिला फोटोतून कळलं असणार. त्याने पेटीचं दार किलकिलं करून चिमट्याने झुरळं टाकली होती आणि दार लावून घेतलं होतं. फवाऱ्याची बाटली उचलायची म्हणजे आत हात घालायचा. हवा कोरडी पडली आणि कात अंगावरच सुकली. ती त्यावरून त्याला रागावली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, आता नीट ऐका. ह्यांच्या बोटांखाली घड्या असतात, घड्यांवर केस असतात, आपल्याला दिसत नाहीत इतके बारीक, आणि प्रत्येक केसाला फाटे. त्यांच्यावर ती काचेलासुद्धा धरते. डिंक नाही, चिकट काही नाही. नुसता स्पर्श. तो मोजा मध्ये आला की स्पर्शच संपला. आणि सुकताना तो आवळत जातो. रक्त थांबतं, बोटं काळी पडतात, गळून जातात. बोटं गेली की चढणं गेलं. ती अंडी जमिनीवर घालत नाही, उभ्या सालीला चिकटवते. चढता नाही आलं तर अंडी आतच अडतील. मग ती मरेल."

"किती वेळ आहे?"

"पडायला लागलीय ना? म्हणजे आजच काढायला हवं. आत्ता."

"इथे तुझ्या ओळखीचं कुणी..."

"कुणी नाही, बाबा. तुम्हीच आहात."

ती सांगत गेली आणि तो करत गेला. कोमट पाण्यात पंचा पिळून डब्यात पसरला. रबरी हातमोजे शोधून आणले तेव्हा ती म्हणाली, "नाही, हातमोजे नकोत. रबराने कातडी फाटते. आणि किती जोर लागतोय ते तुम्हाला कळणार नाही. उघड्या हाताने." त्याने हातमोज्यांकडे पाहिलं. फोन लेकीच्या टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवला. पेटीचं दार उघडलं तशी आतली कोंदट हवा तोंडावर आली. सुक्या मातीचा, झुरळांचा आणि आणखी कशाचा तरी वास, बंद खोलीतल्या अंथरुणासारखा. त्याने हात आत घातला. बोटं तिच्या पाठीला लागली आणि त्याच्या मानेपासून टाचेपर्यंत काटा आला. ती गार होती. गार आणि मऊ, सैल, आत हाडं कुठे आहेत ते कळू नये अशी. त्याने तिला उचललं. पोटातली अंडी त्याच्या तळव्याला लागली, टणक, दोन. तिने तोंड उघडलं, आत सगळं गुलाबी, आणि शेपटीखालून त्याच्या मनगटावर काहीतरी ओलं पडलं. काळं, टोकाला पांढरं. ओघळून ते बाहीत गेलं.

"घाबरलीय ती," लेक म्हणाली. "सोडू नका."

"नाही सोडत," तो म्हणाला. दातांवर दात घट्ट धरले होते म्हणून शब्द नीट उमटले नाहीत.

पंच्यात गुंडाळून त्याने तिला डब्यात ठेवलं. कात भिजेपर्यंत थांबायचं होतं. तिने मामाची चौकशी केली, त्याने तब्येत सांगितली. मग तिने विचारलं, "लाँड्री कशी चाललीय?" त्याने म्हटलं, "चाललीय." ह्याच खोलीत, ह्याच भिंतीशी तिची खाट होती. रोजची चादर आई धुवायला लागली तरी सुट्टीच्या दिवशी ती तोच बदलायचा, आणि तो येतोय असं कळलं की ती लहान हाताने आधी सगळी चादर झाडून घ्यायची, खवले तळव्यात गोळा करायची आणि मूठ मिटून उभी राहायची. मूठ उघड म्हटलं तर उघडायची नाही. तो म्हणायचाही नाही. त्याला ती मूठ बघवायची नाही, आणि ती मूठ त्याच्यासाठीच मिटलेली आहे हे कळायचं, आणि ते कळायचं म्हणून तर जास्तच मळमळायचं. कुणाची किळस येत होती त्याला? पोरीची? तो स्वतःला विचारायचाच नाही. तो दोन बोटांत चादरीचा कोपरा धरून ती ओढायचा, घडी न करता पिशवीत भरायचा आणि दुसऱ्या दिवशी, रक्त पक्कं बसेल हे ठाऊक असूनही, हॉटेलात नेऊन सगळ्यात गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकायचा. कुणाची चादर आहे, हे त्याने तिथे कधी कुणाला कळू दिलं नाही.

"झालं असेल," लेक म्हणाली. "घ्या आता. बोटाच्या मुळाकडून टोकाकडे. ओढायचं नाही, लोटायचं. कापसाची काडी ओली ठेवा."

पहिल्या बोटाला काही केल्या सुरुवात होईना. काडी घसरायची. शेवटी त्याने काडी ठेवून दिली आणि अंगठ्याचं नख आडवं लावलं. कातीची कड उचकटली. खालून दुसरी कातडी आली, नवी, ओलसर, फिकट. जुनी टोकाकडे गोळा होत गेली आणि अंगठीसारखी सुटून त्याच्या अंगठ्याला चिकटली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. त्याने गिळलं. दुसरं बोट. तिसरं. तिचा गळा भराभर वरखाली होत होता. गळ्याच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या कवचासाठी साठवलेल्या चुन्याच्या पांढऱ्या गाठी दिसत होत्या. एका बोटाला कात इतकी रुतली होती की टोक सुजून जांभळं झालं होतं. तिथे तो थांबला. "ते हळू," लेक पडद्यातून पुढे झुकून म्हणाली, "तिथे थुंकी लावा हवी तर, पाण्यापेक्षा चांगली."

"थुंकी?"

"हो."

त्याने स्वतःचं बोट जिभेला लावलं. त्या बोटाला आधीचं काय काय लागलेलं होतं. चव खारट होती. त्याने ते ओलं बोट त्या जांभळ्या टोकावर ठेवलं आणि धरून ठेवलं, आणि मग कात सुटली, एकदम, सहज. मनगटाजवळ काहीतरी नाजूक त्याच्या कातडीला धरत होतं. पंजा मोकळा झाला होता आणि बाईसाहेबांनी तो त्याच्या मनगटावर टेकवला होता. नुसता स्पर्श, चिकट काही नाही. तो हात झटकायला गेला आणि झटकला नाही. मग दुसरा पंजा, मग मागचे.

"सोडा आता सालीवर."

त्याने सोडलं. ती क्षणभर तशीच राहिली, मग एक पाय, दुसरा पाय, सरसर वर गेली आणि शेंड्याशी जाऊन उलटी बसली. आणि जीभ काढून तिने डोळा चाटला. हे मात्र त्याला झेपलं नाही. तो भिंतीकडे वळला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि कोरड्याच ओकाऱ्या काढत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं. सरळ होऊन त्याने फोनकडे पाहिलं तर लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि हसत होती.

"हसायला काय झालं?"

"बाबा, तुम्हाला तिचीपण येते? किळस?"

"येते."

"मला वाटायचं, फक्त माझीच येते." ती हे रागाने म्हणाली नाही. बऱ्याच दिवसांचा हिशेब सुटावा तसा तिचा आवाज मोकळा होता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"तुझी म्हणजे..."

"नाही म्हणू नका हं, प्लीज. आई म्हणायची, बाबा दमून येतात गं. दमलेलं माणूस आणि किळसलेलं माणूस ह्यातला फरक मला तेव्हाही कळत होता."

त्याच्या घशाशी 'नाही' येऊन थांबलं होतं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. "यायची," तो म्हणाला. उघड, शब्दात, पहिल्यांदा. "तुझा दोष नव्हता. पण यायची."

"अजून येते?"

"माहीत नाही. मी बघितलंच नाही पुन्हा कधी."

तिच्याकडे बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. तिने मान वळवून 'आले' म्हटलं, पण गेली नाही. "हिला मात्र हात लावलात," ती म्हणाली.

"तू सांगितलंस म्हणून."

"मग मीही सांगायला हवं होतं."

"लहान पोरीने सांगायचं असतं का ते?" तो ओरडलाच. कुणावर ओरडला ते त्याला नीट कळत होतं. मग त्याने विचारलं, "पाठ कशी आहे?"

"पाठ? मला काय ठाऊक, मला दिसते का ती? घरी होते तोवर आई लावायची. इथे हात पोचेल तिथे मलम लावते, बाकीचं राम भरोसे." ती थांबली. "बघायचीय?"

आवाजात चेष्टा होती, पण पुरती नव्हती. त्याला वाटलं, म्हणावं, नेटवर्क बरोबर नाही. म्हणावं, कामाला उशीर झालाय. तोंडात अजून ती खारट चव होती.

"दाखव," तो म्हणाला.

तिने फोन कशाला तरी टेकवला, दाराची कडी घातली, पाठ वळवली आणि शर्ट मानेपर्यंत वर घेतला. खिडकीचा उजेड थेट पाठीवर पडला. लाल बेटं, त्यांच्यावर चंदेरी थर, कण्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत उतरलेली. कुठे थर उलून आतलं ओलं दिसत होतं. सगळी शिसारी, होती नव्हती ती, एकदम घशाशी आली. त्याने जबडा आवळला. नजर काढली नाही.

"डावीकडे," तो म्हणाला, आणि त्याला खाकरावं लागलं. "डावीकडे, कमरेच्या वर, तिथे सगळ्यात जास्त आहे. कडा लाल आहेत. म्हणजे नवीन आहे. तिथे तुझा हात पोचत नसणार."

"नाही पोचत."

"कण्यावरचं जुनं आहे. ते वाळत आलंय."

"अजून?"

"उजव्या खांद्याखाली खाजवलंयस तू. रक्त आलंय. दुखतं का?"

तिची पाठ हलली. ती रडत होती की हसत होती ते पाठीवरून कळेना. "दुखतं," ती म्हणाली. शर्ट तिने खाली घेतला नाही. "अजून सांगा."

त्याने खुर्ची पुढे ओढली, हात न धुता फोन उचलून डोळ्यांजवळ धरला आणि तिला सांगायला लागला.